सहावी पास, आता पाचवी

फलटण
२ मे २०२५

चि. सरितास,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि जे निम्मं ऐकू येतं त्यात माझा मुलगा थापा मारतो. म्हणून कागद. आपल्या शेजारचा झेरॉक्सवाला शिवदास याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवेल. तुझं उत्तरही त्याच्याकडंच पाठव, तो छापून आणून देतो.

आता मुद्द्याचं. समाधाननं काल ग्रुपवर एक कागद टाकलाय. 'मैत्रीचं पुढच्या वर्षाचं ॲडमिशन कन्फर्म', आणि खाली लाडवाचं चित्र. मला फ्रेंच कळत नाही, पण आकडा कळतो. कागदावर पाच लिहिलंय. गेल्या वर्षीच्या कागदावर सहा होतं. माझी नात सहावीत होती, ती आता पाचवीत कशी? आणि लाडू कशाचे वाटता, बाबांनो?

पस्तीस वर्षं मास्तरकी केली. नापास झालेली पोरं पाहिली, एकाच वर्गात मिसरूड फुटलेली पाहिली. पण वर्ष संपल्यावर एक वर्ग खाली ढकललेलं पोर काही पाहिलं नाही. फेब्रुवारीत विज्ञानात वीसपैकी तेरा पडले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. म्हटलं, पहिलंच वर्ष आहे, घरात बसून शिकतीय, सांभाळून घेऊ.

ठरलेलं आठवतं ना? जिबूतीहून बहरीनला बदली झाली तेव्हा मी म्हणालो होतो, ईसा टाउनला घराजवळ आपली भारतीय शाळा आहे, तिथं घाला. तुम्ही म्हणालात, पोर पहिल्यापासून फ्रेंच शाळेत शिकली, समाधानची कंपनी फ्रेंच, दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यापेक्षा फ्रान्सची दूरशिक्षणाची शाळा बरी, ती कुठंही बरोबर येते. मी म्हणालो, एक वर्ष बघा. पोर मागं पडली तर जूनपासून माझ्याकडं फलटणला. समाधाननं 'हो' म्हटलं होतं.

खरं काय ते लिही. लपवू नको. मी रागावणार नाही.

तुझा,
लहू अहिवळे


ईसा टाउन, बहरीन
५ मे २०२५

आदरणीय बाबा,
सप्रेम जय भीम.

'रागावणार नाही' हे तुम्ही ज्या अक्षरात लिहिलंय त्या अक्षरालाच घाम फुटलाय!

बाबा, मैत्री पास झाली. चांगली पास झाली. फ्रान्सच्या शाळेत वर्ग उलटे मोजतात हो. सहावी झाली की पाचवी, मग चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, आणि त्यानंतर जी असते तिचं नावच 'शेवटची'. मला तरी कुठं माहीत होतं? खालच्या वर्गांना त्यांच्यात निराळीच नावं असतात. गेल्या वर्षी ती सहावीत गेली, आपल्याकडंही त्या वयाला सहावीच, म्हणून मी निर्धास्त होते. एप्रिलमध्ये स्क्रीनवर पाच बघितलं आणि मी तीनदा पान बंद करून परत उघडलं. मैत्रीला विचारलं तर म्हणते, "ऑबव्हियसली फिफ्थ, मम्मा." असं डोळे फिरवून म्हणते, की एक धपाटा घालावासा वाटला.

आणि ते तेरा मार्क. त्यांच्यामागची गोष्ट मी लपवून ठेवणार होते, पण आता सांगतेच. प्रयोग होता मटकीला मोड आणण्याचा. एक वाटी उजेडात, एक अंधारात, एक फ्रिजमध्ये. रोज मोड पट्टीनं मोजायचे आणि आठवड्यानं अहवाल पाठवायचा. चौथ्या दिवशी तुमचे चिरंजीव मआमीरच्या प्लांटवरून भुकेले आले. ओट्यावर मोड आलेली मटकी दिसली, त्यात कांदा-टोमॅटो कापला, लिंबू पिळलं, आणि प्रयोग खाल्ला. फ्रिजमधलासुद्धा! मैत्रीनं रडून घर डोक्यावर घेतलं. मग तिनं अहवालात सरळ लिहिलं, 'प्रयोग चौथ्या दिवशी संपला, कारण तो वडिलांनी खाल्ला.' तरी तिकडच्या बाईंनी तेरा दिले. आणि बाबा, तिकडं तेरा म्हणजे चांगले असतात. सोळा पडले तर लोक वळून बघतात. वीस म्हणे कुणालाच देत नाहीत.

रोज सकाळी शाळेच्या पिवळ्या बसा आमच्या खिडकीखालून जातात. बसमधली पोरं मैत्रीकडं बघतात, ती गाऊन घालून, तोंडात टोस्ट धरून अपूर्णांक सोडवत असते. मी मोबाइलवर फ्रेंचचं मराठी करत शेजारी बसते. ती शिकतीय बाबा, मी बघते ना रोज.

तुमची,
सरिता


फलटण
१० मे २०२५

चि. सरितास,
जय भीम.

गोष्ट झकास रचलीस. शिवदासला वाचून दाखवली तर तो मशीन बंद करून हसत बसला.

पण सूनबाई, मी हेडमास्तर होतो. रिझल्टकार्ड म्हशीनं खाल्लं असं सांगणारा बाप माझ्याकडं येऊन गेलाय. इथं बापानं प्रयोगच खाल्ला! आणि वर्ग उलटे मोजतात म्हणे. मग त्यांची अंगणवाडीतली पोरं काय पीएच्.डी. करतात? आणि वीसपैकी वीस कुणालाच द्यायचे नसतील तर वीसचा पेपर काढायचाच कशाला, सोळाचा काढावा. तू पोरीला पाठीशी घालतीयस. आई आहेस, घालणारच. मी तुला दोष देत नाही.

आता वाद नको, तपासणी करू. सोबत पाचवीचा गणिताचा पेपर जोडलाय, मी स्वतः काढलाय. गुण वीस. तू समोर बसायचं नाही, समाधाननं तर घरातच थांबायचं नाही. कुणी तिऱ्हाईत माणूस पर्यवेक्षक म्हणून बसव. बारा पडले तर मी परत अवाक्षर काढणार नाही. नाही पडले तर दहा जूनपर्यंत मैत्री फलटणला. इथल्या शाळेत मुख्याध्यापिकेशी बोलून ठेवलंय. तुझ्या सासूची, मालूची खोली रिकामी करून रंगवून घेतलीय.

तुझा,
लहू अहिवळे

(वहिनी, मी शिवदास. फोटोखाली गुपचूप लिहितोय. खोलीला गुलाबी रंग दिलाय. तुमच्या सासूबाई गेल्यापासून ती खोली उघडली नव्हती. 'रंगवून घेतली' हे खोटं, गुरुजी स्वतः शिडीवर चढले होते. माझं नाव सांगू नका.)


ईसा टाउन
१६ मे २०२५

आदरणीय बाबा,
जय भीम.

पेपर झाला. उत्तरपत्रिका जोडलीय.

पर्यवेक्षक म्हणून आमच्या घरमालकीणबाई नसीबा बसल्या. या इथल्याच, बहरीनी, खाली राहतात. मोडकं हिंदी येतं आणि कुणाला भीत नाहीत. त्यांना म्हटलं, माझ्या सासऱ्यांनी परीक्षा ठेवलीय. त्यांनी विचारलं, "सासरा इधर?" म्हटलं, नाही, इंडियात. तर कपाळाला हात लावला आणि खजुराचा डबा घेऊन हजर झाल्या. पहिल्यांदा माझा मोबाइल काढून घेतला. मग मला माझ्याच स्वयंपाकघरात कोंडलं. मैत्रीनं एकदा आतल्या बाजूला बघून "मम्मा, पाऊणशे म्हणजे?" एवढंच विचारलं, तर बाई ओरडल्या, "मफी!" म्हणजे अरबीत नाही, "नो मम्मा!" वेळ झाली तसा हातातून कागद ओढला, "खलास!" तुमच्या पस्तीस वर्षांत असा पर्यवेक्षक भेटला नसेल.

बाबा, एक लिहू का? हसण्यावारी खूप नेलं, पण मला भीती वाटतीय. जिबूतीत आम्हांला कुणी नव्हतं. समाधान शिफ्टला गेले की मी आणि मैत्री, दोघीच. माझं बोलणं, भांडणं, सगळं तिच्याशी. ती गेली तर या घरात मी कुणाशी बोलू? तुमच्याकडं ती सुखात राहील, यात शंकाच नाही. पण मला पोर सोडवत नाही. म्हणून तरी पेपर जरा मऊ हातानं तपासा. लाच नाही, विनंती आहे.

तुमची,
सरिता


फलटण
२१ मे २०२५

चि. सरितास,
जय भीम.

मऊ हातानं तपासायची सवय नाही. तपासलेला पेपर जोडलाय. नऊ गुण.

भागाकार तिन्ही चूक. भाजक डावीकडं असतो हे पोरीला माहीत नाही, उजवीकडं नेऊन ठेवलाय, आणि भागाकाराच्या जागी काहीच नाही. दशांश अपूर्णांकांत चिन्हाच्या जागी स्वल्पविराम टाकलाय, गणित आहे की निबंध? पाऊणशे-सव्वाशेचं उदाहरण सोडवलंच नाही, कोरं ठेवलंय. पाचवीच्या पोराला पाऊणशे कळत नाही म्हणजे कमाल झाली.

'पोर सोडवत नाही' हे तुझं वाक्य मी वाचलं. दोनदा वाचलं. पण पोरीचं नुकसान होत असताना आईच्या मायेकडं बघून चालत नाही. पोरीला कडू वाटलं तरी चालेल, दहा जूनचं तिकीट काढा. मी पुण्याला विमानतळावर येतो.

तुझा,
लहू अहिवळे


ईसा टाउन
२४ मे २०२५

प्रिय आजोबा,
जय भीम.

हे मी स्वतः लिहिते. मम्मी फक्त वेलांटी सांगते. मम्मी कालपासून रडते आणि मला सांगते की कांदा आहे. कांदा नाही आहे.

मला रीचेकिंग पाहिजे. आमच्या शाळेत भागणारा नंबर उजवीकडे लिहितात आणि आन्सर त्याच्या खाली. तुम्ही तिथे बघितलंच नाही. प्लीज तिथे बघा आणि उलटा गुणाकार करा, बरोबर येते. आणि पॉइंटच्या जागी आम्ही कॉमा करतो. नसीबा आंटी बोलते, फ्रान्सवाले उलटे आहेत तर मैत्री काय करणार.

पाऊणशे मला खरंच येत नाही. तो झीरो बरोबर आहे.

पण आजोबा, तुम्ही सगळीकडे फक्त 'चूक' लिहिलं. मला कळलं नाही कुठे चूक. तिकडच्या बाईंनी माझ्या मटकीच्या पेपरवर लिहिलं होतं, ते मी मराठी करते. त्यांनी लिहिलं: 'तीन दिवसांची मापं तू नीट घेतलीस. चौथ्या दिवशी काय झालं ते खरं लिहिलंस, ते मला फार आवडलं. अंधारातली मटकी जास्त लांब वाढली हे तू बघितलंस, पण का वाढली ते नाही लिहिलंस. तुला काय वाटतं? पुन्हा प्रयोग करशील तेव्हा एक चौथी वाटी वडिलांसाठी वेगळी ठेव.'

त्या बाईंनी मला कधी बघितलं नाही. तरी त्यांना पप्पा माहीत आहेत.

मला फलटण आवडते. तुम्ही पण आवडता. पण माझी शाळा सोडून नाही यायचं.

तुमची,
मैत्री


फलटण
७ जून २०२५

वहिनी,
मी शिवदास. आज मीच लिहितोय, गुरुजींना न सांगता. तुमचे तीन मेसेज आले, 'बाबा उत्तर का देत नाहीत', मी उगाच 'लाइट नाही' म्हणत बसलो. आता राहवत नाही.

मैत्रीचं पत्र गुरुजी दोन दिवस खिशात घालून फिरले. मग माझ्या दुकानात येऊन तो पेपर परत छापून नेला. तिसऱ्या दिवशी खोलीत पुस्तकांसाठी फळी ठोकायला शिडीवर चढले आणि पडले. उजवं मनगट मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर. बाकी ठीक आहेत, भीती नाही. 'बहरीनला कळवलंस तर तुझ्या दुकानात पाय ठेवणार नाही,' म्हणाले. हातच चालत नाही तर पत्र कुठून लिहिणार? मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. म्हणाले, तुझं शुद्धलेखन भयंकर आहे.

काल जेवणाचा डबा घेऊन गेलो तर खाटेवर बसून डाव्या हातानं पेपर तपासत होते. मी चोरून फोटो काढला, बघा. बरोबरच्या खुणा वाकड्यातिकड्या आल्यात. नऊ खोडून पंधरा केलेत. आणि प्रत्येक उदाहरणापुढं काहीतरी लिहायचा प्रयत्न केलाय, मला वाचता आलं नाही.

शिवदास


ईसा टाउन
८ जून २०२५

बाबा,
जय भीम वगैरे नंतर. शिडीवर कशाला चढलात? या वयात! आणि वर आम्हांला 'खरं लिही, लपवू नको' सांगता? शिवदासभाऊंना काही बोलायचं नाही. त्यांच्या दुकानात तुम्ही रोज पाय ठेवायचा.

फोटो पाहिला. मोठा करून करून वाचला. पहिल्या भागाकारापुढं तुम्ही लिहिलंय, 'रीत वेगळी, उत्तर बरोबर. मी खाली पाहिलं नव्हतं.' पाऊणशेपुढं लिहिलंय, 'हे तुला कुणी शिकवलंच नाही. मी शिकवीन.' ते वाचून समाधान बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. तुमचाच मुलगा आहे, त्यांनाही समोर रडता येत नाही.

बाबा, आपण दोघंही किती मठ्ठ! महिनाभर भांडतोय, मैत्री इथं की तिथं. आणि शाळा कसली, तर दूरशिक्षणाची! तिला इमारत नाही, बस नाही, घंटा नाही. एक लॅपटॉप आणि फी भरल्याची पावती. जी शाळा जिबूतीहून बहरीनला येते, ती फलटणला येणार नाही का? मैत्रीच हसत म्हणाली, "ऑबव्हियसली, मम्मा." या वेळी मी धपाटा घातलाच.

तर ऐका. तीन जुलैला मी आणि मैत्री येतोय. तुमचं प्लास्टर निघेपर्यंत आणि पुढंही. तिची पाचवी सप्टेंबरात सुरू होते, ती गुलाबी खोलीत सुरू होईल. आम्ही सप्टेंबरअखेरीला इकडं परत, आणि थंडीत पुन्हा तिकडं. समाधान इथं मटकी खाऊन राहतील. इंशाल्ला, असं नसीबाबाई सांगायला लावतात.

फळी शिवदासभाऊंकडून ठोकून घ्या.

तुमची,
सरिता


फलटण
५ ऑक्टोबर २०२५

चि. मैत्रीस, आणि तुझ्या आईस,
सप्रेम जय भीम.

तुम्ही गेल्यापासून घर मोठं झालंय. प्लास्टर जाऊन दोन महिने उलटले, पण उजव्या हातात अजून जोर नाही, म्हणून हे डाव्या हाताचं अक्षर. बालवाडीतल्या पोरासारखं आलंय, हसू नका. शिवदास हसला, त्याला 'आशीर्वाद' लिहायला सांगितलं, मग गप्प बसला.

मैत्री, तू जाताना दिलेला फ्रेंचचा पहिला स्वाध्याय मी पाठवला होता, तो तू तपासून धाडलास. वीसपैकी अकरा. आयुष्यात मला इतके कमी गुण पडले नव्हते. पहिल्यांदा राग आला. मग खाली तू लिहिलेलं वाचलं: 'आजोबा, शब्द सगळे बरोबर आहेत. पण तुम्ही प्रत्येक वाक्यात ऑर्डर देता. "पाणी आण." "दार लाव." फ्रेंचमध्ये प्लीज पण असतं. पुढच्या वेळी एक वाक्य असं लिहा ज्यात तुम्ही काहीतरी मागता.' ते परत एकदा मोठ्यानं वाचलं. मग तो कागद शिवदासच्या दुकानात काचेवर लावून आलो. लोक विचारतात, गुरुजी, अकराच? मी सांगतो, तिकडं अकरा चांगले असतात.

तुझे पाऊणशे, सव्वाशे, दीडशे पाठ झाले का? अडीचकी पुढच्या पत्रात. तुझ्या आईलाही म्हणायला लाव, तिचीही कच्ची आहे. आणि तिकडच्या बाईंना माझा जय भीम कळव. त्यांना सांग, फलटणला एक म्हातारा मास्तर आहे, त्यानं हल्ली पेपर तपासायला शिकायला घेतलंय.

तू सांगितलंस तसं मागण्याचं वाक्य केलंय. फ्रेंचमध्ये तीन चुका होतील, म्हणून आधी मराठीत लिहितो: डिसेंबरात या, मी वाट बघतोय, प्लीज.

आणि एक. तुमचं ते उलटं मोजणं मला आता पटलंय. आपण किती वर्ग झाले ते मोजतो, तुम्ही किती उरले ते मोजता. माझ्या वयाला तेच बरं आहे. तू आता पाचवीत. मग चौथी, तिसरी, दुसरी, पहिली, आणि ती शेवटची. तुझी शेवटची पास झाल्याचे लाडू मला स्वतःच्या हातानं वाटायचेत, तोवर मी कुठं जाणार नाही. शिवदासला सांगून शिडी त्याच्या दुकानात नेऊन ठेवलीय.

तुझा विद्यार्थी,
लहू अहिवळे
इयत्ता सहावी
(पास झालो तर पाचवी)